कोल्हापूरचा विद्यार्थी आणि त्याच्या दोन भाषा

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत उच्च शिक्षणास १८८० सालीं आरंभ झाला. तेथील शिक्षणाची भाषा इंग्रजी होती. तथापि तेथेंच शास्त्रविषय शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनीं रसायनादि शास्त्रांवरील आपले ग्रंथ मराठींत लिहिले. वर्गाची भाषा एक आणि समजुतीची दुसरी, ही रीत या नगरास तेव्हांपासून परिचित आहे.

१९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. ज्या घरांत अक्षरओळख नव्हती, तेथील मुलें मराठी शाळेंत जाऊं लागलीं. अशा शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यास उच्च विद्येच्या दाराशीं इंग्रजी भेटावी, हा क्रम १९६२ सालीं शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावरही पुष्कळसा तसाच राहिला. पुढें संगणकशास्त्र आलें, तेव्हां ही अडचण अधिक जाणवूं लागली. कारण या शास्त्राचे ग्रंथ इंग्रजी, आणि यंत्रास द्यावयाच्या आज्ञांचे शब्दही बहुधा इंग्रजीच.

यावर विद्यार्थी आपली वाट काढतो. शब्द इंग्रजी ठेवतो, वाक्य मराठी करतो. ‘लूप दहा वेळां फिरला’, ‘फंक्शननें स्वतःलाच हांक मारली’, असें तो सोबत्यास सांगतो. नाम परकें असलें तरी यंत्रांत काय घडलें तें घरचें क्रियापद सांगतें. ‘इफ’ आणि ‘एल्स’ यांचें काम तर ‘जर’ व ‘नाहीं तर’ या शब्दांमुळें त्यास बाळपणापासून ठाऊक असतें.

मात्र नित्याची भाषा कधीं चकवितेही. ‘चहा किंवा कॉफी’ म्हटलें कीं पाहुणा दोहोंपैकीं एकच घेतो. संगणकाचा ‘ऑर’ मात्र दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी मान डोलावतो. यादींतील पहिला घटकही अनेक संगणकभाषांत शून्य क्रमांकाचा असतो. शिक्षकानें हा भेद मराठींत उलगडून दाखविला तर तो चटकन् उमगतो. इंग्रजी व्याख्या पाठ करणारा परीक्षेंत उतरतो, पण स्वतः आज्ञावली लिहितांना अडखळतो.

२०२१ सालीं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें मराठीसह कांहीं भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमति दिली. तिचें यश नव्या पारिभाषिक शब्दांच्या संख्येनें मोजणें पुरेसें नाहीं. शंका असूनही इंग्रजीच्या संकोचानें गप्प बसणारा विद्यार्थी वर्गांत प्रश्न विचारूं लागला कीं नाहीं, हें पाहावें लागेल. मोडकांनीं इंग्रजींतील विद्या घेतली आणि ती मराठींत सांगितली; संगणकाच्या वर्गांतही शिक्षकास तेंच करावयाचें आहे.