दुष्काळातील हम्द

मोताळ्याहून मलकापूर गाठावे आणि उत्तरेची वाट धरावी, म्हणजे तापीकाठचे बऱ्हाणपूर लागते. तेथील जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेखही आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी तो एकदा अवश्य पाहावा. परंतु आजचा विषय त्या गावाने सन १६३० ते १६३२ या काळात पाहिलेल्या दुष्काळाचा आहे.

गुजरात, खानदेश व दख्खन या दुष्काळाने होरपळून निघाले. पहिल्या वर्षी पावसाने पाठ फिरविली, दुसऱ्या वर्षी अतिवृष्टी झाली. त्यातच निजामशाहीविरुद्धच्या मोहिमेसाठी बादशहा शाहजहान बऱ्हाणपुरी तळ देऊन होता. फौजांच्या तोंडी गेलेले धान्य रयतेच्या तोंडचेच असणार, हे सांगावयास इतिहासकार लागत नाही. बादशहाने लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवारी एक लाख वाटले, सत्तर लाखांचा सारा माफ केला, असे दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी नोंदवितो. याच गावी १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल निवर्तली. प्रथम तिला तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत दफन केले होते.

त्याच दुष्काळात देहूच्या एका वाण्याच्या घरी काय घडले, हे महाराष्ट्र जाणतो. तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापाराचे दिवाळे निघाले. लोकांत तोंड दाखवावयाची लाज वाटली, हे त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगितले आहे. पुढे एका अभंगात, हे सारे बरेच झाले असे ते देवाला म्हणतात. मात्र तेच तुकोबा अन्यत्र त्याच देवाशी कडकडून भांडतात. लोकांकडून येणे असलेली खते त्यांनी इंद्रायणीत सोडली. धाकट्या भावाचा अर्धा वाटा मात्र त्याच्या हवाली केला, असे परंपरा सांगते. सोडले ते स्वतःच्या हक्काचे, भावाच्या नव्हे. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

आता हे लिहिण्याचे कारण सांगतो. गेल्या वर्षी माझ्या आठवीच्या वर्गातील एका मुलाचे वडील वारले. कपाशी आधीच गेली होती. मुलगा बाकावर रडत होता. मी पाठीवर हात ठेवून म्हणालो, "रडू नये बेटा, अलहम्दुलिल्लाह म्हण." तो म्हणाला. मग वर्गात दोन दिवस काहीच बोलला नाही.

मी चुकलो होतो. पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम मांडीवर शेवटचे श्वास घेत होता, तेव्हा हुजुरांचे डोळे वाहत होते, डोळे रडतात, मन दुखते, परंतु रबला नापसंत असा शब्द आम्ही काढीत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय हदीसमध्ये आहे. म्हणजे अश्रूंना मनाई नव्हतीच. मी मात्र हम्दच्या नावाखाली एका यतीम पोराचे रडणे बंद केले.

मुमताजच्या रौजाकडे, म्हणजे ताजमहालाकडे, नेणाऱ्या मोठ्या दरवाजावर दक्षिणेच्या बाजूस सूरह फज्र कोरलेली आहे. कित्येक वेळा पठण केलेली ही सूरह त्या दिवसांत मी अर्थासह पुन्हा वाचली. भरभराट झाली की माणूस म्हणतो, रबने माझा मान राखला. रोजी आटली की म्हणतो, रबने माझा अपमान केला. मला वाटत होते, यापुढे सब्र आणि शुक्राचा उपदेश येईल. परंतु पुढचा सवाल आहे तो वेगळाच: तुम्ही यतीमाची कदर करीत नाही, गरिबाला जेवू घालण्यास एकमेकांना सांगत नाही, वारशाचा माल गिळून टाकता. संकटाविषयी बोलता बोलता सूरह शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे वळते. माझ्याकडेही वळली.

जुम्याच्या नमाजनंतर मी त्या मुलाच्या घरी गेलो. हम्दचा विषय काढला नाही. त्याची आई बोलता बोलता रडली, तोही रडला; मी बसून राहिलो. विचारपूस करता कळले की सातबाऱ्यावर मायलेकरांची वारसनोंद अद्याप झालेली नाही आणि मृत्यूचा दाखला पेटीत तसाच पडून आहे. मुलाने दप्तरातून वही काढली. मी मजकूर सांगितला आणि त्याने तलाठ्याच्या नावे अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला.