शिंगांचा हिशेब

चपला इथेच काढून ठेवा. डहाणूजवळची कोसबाडची टेकडी चढायची आहे, आणि त्यासाठी तुम्हाला मिळालेत नऊ वर्षांचे, भेगाळलेले पाय. चपला कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नाही. कमरेला लंगोटी, हातात काठी. पाऊस नुकताच सरलाय. ऊन मानेवर चरचरतंय, ओल्या गवतातून वाफ निघतेय आणि शेणाचा वास नाकात मुक्कामाला बसलाय. गोमाशी आधी म्हशीला चावते, मग तुम्हाला.

तुम्ही वारली घरातलं पोर. सकाळी आंबील पिऊन निघालात ते दिवस मावळेपर्यंत गुरांमागे. शाळेत जायचं तर गुरं कोण राखणार? ती खालच्या पिकत्या भातात शिरली तर मालक कोणाची पाठ सोलेल, हे तुम्हाला पाढ्यांशिवायही कळतं.

पण ते बघा, शाळाच टेकडी चढून येतेय! पदर खोचलेल्या, घामाघूम ताई, खांद्याला झोळी आणि भोवती पोरांचा कालवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं, पुढे ते इथे कोसबाडला आलं. पोरं वर्गात येईनात, तेव्हा अंगणवाडी त्यांच्या अंगणात गेली. तुमच्यासारख्या गुराख्यांसाठी ही कुरणशाळा.

आधी हात-पाय धुवा. ओरडू नका, नखंही कापायची आहेत. डोक्याला तेल चोपडलं जातं, फणी जटेत अडकते, डोळ्यांत टचकन पाणी येतं. हाही धडाच.

मग झोळी उपडी होते. मॉन्टेसोरीची महागडी साधनं या रानात कुठली? चिंचोके, शिंपले, खडे, काड्या. शेजारचा पोरगा खड्यांनी अक्षर मांडतोय. पलीकडची मुलगी सागाची पानं लहान-मोठी लावतेय. ज्याला जे हवं ते. तुम्ही घेतलेत चिंचोके, कारण तुम्हाला कळायलाच हवं, की अकरा गुरांचे पाय किती!

"ए, तांबडी भाताकडे चालली!"

तुम्ही धूम ठोकता. काटा रुततो, शिव्या सुटतात, छाती भात्यासारखी हलते. तांबडीला वळवून धापा टाकत परत येता, तर चिंचोके जिथल्या तिथे. कोणी हलवू नये म्हणून ताईंनी वर पान ठेवलंय. उशीर का झाला, हे कोणी विचारत नाही. ते तर सगळ्यांनी पाहिलंच.

चव्वेचाळीस! तुम्ही केवढ्यांदा ओरडता, म्हैससुद्धा मान वळवते.

ताई आता अक्षरांकडे वळू पाहतात. तुम्ही मान हलवता. आधी शिंगं मोजायची.

"बावीस," पलीकडची मुलगी पान न सोडता सांगते.

चूक. तिला काय ठाऊक? भुरीचं एक शिंग मोडलंय.