डोळखांबची वई

शहापूरहून पूर्वेस निघालेली वाट आजापर्वताच्या रोखाने चालू लागली, की भाताची खाचरे हळूहळू अरुंद होत जातात, वरकस जमिनीचे उतार दिसू लागतात, आणि जेथे शेत संपून रान सुरू होते ती रेघ वारंवार आडवी येऊ लागते. डोळखांब आणि त्याच्या भोवतालचे पाडे या रेघेवरच वसलेले आहेत. या मुलखाच्या इतिहासात माहुलीचा किल्ला आहे, शेजारच्या मुरबाडातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट आहे; परंतु येथील कुणबी, महादेव कोळी आणि ठाकूर यांच्या पिढ्यांनी रान आणि शेत यांच्यामध्ये जी जिवंत वई, म्हणजे झाडांचे कुंपण, उभी केली, तिचा इतिहासही त्याच तोलाचा आहे असे मला वाटते, कारण वनस्पतींचा आणि जनावरांचा जितका, तितकाच सरकारी कायद्यांचाही इतिहास तीत गुंतलेला आहे.

वईसाठी झाडे निवडली कोणी, या प्रश्नाचे उत्तर चैत्र-वैशाखात गुरचरणावर गेल्यास आपोआप मिळते. गवत मुळापर्यंत खुरडलेले असते, कोवळ्या रोपांचे शेंडे खुडलेले असतात, आणि त्या उजाड माळावर निरगुडी, अडुळसा, रुई आणि थोर एवढेच काय ते पानाफांद्यांनिशी उभे असतात. निरगुडीचा उग्र वास, अडुळशाच्या पानातील कडवटपणा, रुईचा व थोराचा डोळ्यास आणि तोंडास भाजणारा चीक, यांमुळे गाय, शेळी, भेकर आणि सांबर हे सारेच तृणभक्षक त्यांस सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणजे निवड जनावरांच्या तोंडाने आधीच झालेली होती. कुणब्याने ती पाहून मनात ठेवली आणि जे झाड गुरे सोडतात तेच बांधावर लावले. येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. जनावर कधीच खाणार नाही असे झाड क्वचितच असते, आणि भुकेने व्याकूळ झालेले भेकर एरवी नाक मुरडलेल्या पाल्याचाही कोवळा शेंडा खुडते. म्हणून जुने लोक केवळ वासावर व कडवटपणावर न विसंबता वईत करवंद आणि सागरगोटा यांचे काटेही गुंफीत आले.

वई घालण्याची रीत पाहण्यासारखी आहे. मृगाच्या पहिल्या सरी पडून माती मऊ झाली, की निरगुडीच्या व अडुळशाच्या हातभर लांबीच्या फांद्या तोडून वीत-वीत अंतरावर तिरप्या रोवतात, एक रांग डावीकडे कललेली तर दुसरी उजवीकडे, म्हणजे वाढता वाढता त्या एकमेकींत अडकून जाळी धरतात. दोन रांगांच्या मधल्या पट्टीत करवंद आणि थोराचे तुकडे येतात. पहिली दोन वर्षे ही रोपे फार कोवळी असतात, आणि तेवढ्यापुरती बाहेरून बोरीच्या सुक्या फांद्यांची आडकाठी करावी लागते. तिसऱ्या पावसाळ्यानंतर वई स्वतःचे रक्षण स्वतःच करते.

तिचे सामर्थ्य उंचीपेक्षा रुंदीत आणि दाटीत असते. सांबराला पुरुषभर उंचीची तार अशक्य नाही, परंतु पलीकडे पाय कोठे टेकणार हे दिसत नसेल, तर हरणाच्या जातीचे जनावर उडी घेण्यास कचरते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शेताच्या कुंपणाविषयी जो नियम आहे त्यातही ही दृष्टी आढळते: उंटाला पलीकडचे पीक दिसू नये इतके कुंपण उंच असावे, आणि कुत्र्या-डुकराचे तोंड शिरेल असे एकही भोक त्यात राहू नये. ज्याने हा नियम घातला त्याने शेत राखणाऱ्याचे म्हणणे नीट ऐकले असले पाहिजे, असे तो वाचताना वारंवार वाटते.

या प्रांतास पूर्वी कोळवण म्हणत, आणि रान सर्वांस मोकळे होते तोवर वईची गरज थोडीच होती. शेताभोवती दरवर्षी जंगलातील काटेरी फांद्या आणून रचल्या, रात्री माळ्यावर बसून हाकाटी केली, आणि कोणाजवळ ठासणीची बंदूक असली तर तिचाही उपयोग झाला. हा सारा बेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मोडत गेला. 1847 साली अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले जंगल-संरक्षक झाले. जुन्नराजवळच्या हिवऱ्याच्या बागेत औषधी वनस्पती वाढविणारे हे गृहस्थ झाडांचे खरे जाणकार होते. 1861 साली लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोहोचला आणि या जंगलांच्या लाकडास नवे मोल आले. 1871 च्या कायद्याने दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गुरे कोंडवाड्यात घालण्याची तरतूद झाली, म्हणजे बांध राखणे ही केवळ सोय न राहता महसुली शिस्तीचा भाग झाली. मग आले 1878 साल. त्या एकाच वर्षी वनांचा कायदा व हत्यारांचा कायदा असे दोन कायदे झाले. पहिल्याने राखीव रानातून काटेरी फांदी आणणे परवान्याचे काम झाले, दुसऱ्याने बंदूक परवान्याखाली गेली. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जागा भाजण्यासाठी, पालापाचोळा व फांद्या तोडण्याच्या हक्कावरून ठाणे-कुलाब्यातून जी ओरड उठली, तिच्या चौकशीसाठी 1885 साली जंगल कमिशन नेमावे लागले व 1887 साली त्याचा अहवाल बाहेर आला. राबाची तक्रार दप्तरी उमटली. काट्याची तक्रार रयतेने आपल्या बांधावरच सोडविली. जिवंत वईस दरसाल जंगलातून काही आणावे लागत नाही, आणि शेत राखण्यास बंदूकही लागत नाही. माझे मत असे, की या दोन कायद्यांनीच वईचे महत्त्व एकाएकी वाढविले, जरी तिचे ज्ञान त्याहून कितीतरी जुने होते.

सरकारही याच काळात कुंपणे लावीत होते, मात्र फार निराळ्या हेतूने. मिठावरील कर चुकवून कोणी जाऊ नये म्हणून उत्तर हिंदुस्थानातून बऱ्हाणपूरच्या बाजूने जी जकातीची रेघ ओढली गेली, तिच्या बऱ्याच भागावर जकात खात्याचे अधिकारी अ‍ॅलन ह्यूम यांच्या अमलात करवंद, बोर, बाभूळ आणि थोर यांची दाट जिवंत वई वाढविण्यात आली. 1879 साली ती व्यवस्था रद्द झाली. रयतेच्या शेतास राखणाऱ्या झाडांनी तेथे रयतेच्याच मिठावर पहारा केला, हे वाचून मन विषण्ण होते.

पुढे बांधावर परदेशी झाडे शिरली. मोगली एरंड आणि घायपात ही अमेरिकेतून आलेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी लावलेली घाणेरी आज सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर पसरली आहे. त्या सर्वांस गुरे टाळतात हे खरे. पण घाणेरी बांधावर थांबत नाही, ती रानात घुसून गवताची जागा खाते, आणि मग चारा न मिळालेले जनावर शेताकडे अधिकच वळते. देशावर फड्या निवडुंगाने असाच उच्छाद मांडला होता, आणि त्यास आवरण्यासाठी 1926 साली त्याच्यावर जगणारा कीटक बाहेरून आणावा लागला. जिच्या आवरासाठी दुसरा परका जीव आणावा लागेल अशी वनस्पती कुंपणात लावणे मला कधीच पटलेले नाही.

1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर भेकर-सांबराची शिकार हा गुन्हा झाला, आणि तो तसा असणे योग्यच आहे. परंतु डोळखांब-मुरबाडच्या बाजूस अलीकडे उभी राहिलेली मुंबईकरांची शेतघरे तारेची जाळी ठोकून आत गुलाब, जास्वंद आणि हिरवळ लावतात, आणि एके रात्री भेकर येऊन जास्वंदीचे शेंडे चाखून गेले की संतापतात. त्यांनी शेजारच्या पाड्यातील परस पाहावे. बाहेरून निरगुडी-अडुळशाची वई, तिच्या आत कुड्याचे पांढऱ्या फुलांचे झाड, सावलीत रानहळद, आणि वईवर चढलेली कळलावी, जिचा कंद विषारी असून फूल मात्र श्रावणात ज्वाळेसारखे दिसते. लहान मुले असतील तेथे तिला हाताच्या अंतराबाहेर ठेवावे एवढेच. भाताची कापणी झाल्यावर कार्तिकात निरगुडी छाटतात. तिचा पाला धान्यात किडीसाठी जातो, अडुळशाचा काढा पडशाखोकल्यास होतो, आणि वैशाखात वईतील करवंदे घरच्या पोरांनी वाटून खाल्ल्यावर उरलेली टोपलीत भरून शहापूरच्या बाजाराला जातात.