सागवानी पेटीतला आवाज



रेडिओचा इतिहास सांगू लागलो की आपण केंद्रांच्या तारखा सांगतो. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र उघडले. ८ जून १९३६ रोजी सरकारी सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. हा बोलणाऱ्याच्या बाजूचा इतिहास झाला. ऐकणाऱ्याच्या बाजूलाही एक इतिहास आहे. तो दप्तरांत थोडा आणि घराघरांतील लाकडी पेट्यांत अधिक सापडतो. अशी एक पेटी जबलपूरला आमच्या घरी होती. ती माझ्या आजोबांनी स्वहस्ते बनविली होती.

जबलपूर हे गाव अशा उद्योगाला मोठे सोयीचे. १९०४ साली तेथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, त्यामुळे कसबी कारागिरांची वाण नव्हती. आसपासच्या जंगलांतून सागवान येई. सैन्याच्या संदेशवहन दलाचे शिक्षणकेंद्रही तेथेच. दुसऱ्या महायुद्धात अनेक तरुण तेथे बिनतारी यंत्रे हाताळावयास शिकले. आजोबा त्यांपैकी एक. युद्ध संपल्यावर ते घरी परतले, ते ही विद्या हातात घेऊनच. कारखान्यात तयार झालेला रेडिओ घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून जुन्या बाजारातून एकेक व्हाल्व आणि मोडीत निघालेल्या यंत्राचा एक स्पीकर गोळा करून त्यांनी स्वतःच जुळणी आरंभिली.

स्पीकरची रचना दिसावयास साधी असते. कागदी शंकूच्या मुळाशी तारेचे वेटोळे, आणि ते चुंबकाच्या फटीत अधांतरी. प्रवाह बदलला की वेटोळे मागेपुढे हलते व शंकू हवेला धक्का देतो. चलवेटोळ्याच्या कल्पनेचे पेटंट ऑलिव्हर लॉज यांनी इंग्लंडात १८९८ मध्येच घेतले होते. परंतु तिला आजचे व्यवहार्य रूप दिले ते अमेरिकेतील राइस आणि केलॉग यांनी, १९२५ साली.

आजोबांनी प्रथम स्पीकर तसाच मेजावर ठेवला. गाणे लागले, तबल्याची चाट स्पष्ट वाजे, डग्ग्याचा घुमारा मात्र नाहीसा! कारण असे की, शंकू पुढे सरकताना पुढील हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागील हवा विरळ होते. खर्जाच्या लांब लाटा कडेला वळसा घालून एकमेकींना गाठतात व विरून जातात. त्यांना अडवावयास मध्ये फळी हवी. मग त्यांनी खोक्याच्या पातळ फळ्यांची पेटी केली, तर ती स्वतःच थरथरू लागली. अखेर जाड सागवान आणले, सरस व स्क्रू लावून सांधे पक्के केले, व्हाल्वची उष्णता निघून जावी म्हणून पाठीला भोके पाडली, आणि पुढे आजीच्या जुन्या लुगड्याचा विरळ तुकडा ताणून बसविला. पेटी म्हणजे यंत्राचा अंगरखा नव्हे, ते यंत्राचेच एक अंग आहे, हे त्यांना तेव्हा उमगले. परवाना मात्र पोस्टातून काढावाच लागे. घरी बनविलेल्या यंत्राला सूट नव्हती.

हे श्रम कशासाठी? १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले, आणि रात्री त्या पेटीतून मराठी शब्द ऐकू येऊ लागला. त्या काळी नागपूर हीच आमच्या प्रांताची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. शाळा आणि कचेरी दोन्हींकडे हिंदीचाच वावर. तिच्याविषयी आमची तक्रार कधीच नव्हती. परंतु माझे वडील सांगत की, घराबाहेरचे शुद्ध, वळणदार मराठी त्यांनी प्रत्यक्ष माणसांपेक्षा त्या पेटीतूनच अधिक ऐकले. सीमा आखली गेली तरी ध्वनिलहरींना ती ठाऊक नव्हती.

पुढे ट्रान्झिस्टर आले, व्हाल्व मिळेनासे झाले आणि पेटी मुकी झाली. आज ती माझ्या घरी आहे. कापड जीर्ण झाले आहे, सांधे मात्र अजून हललेले नाहीत. नभोवाणीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी प्रक्षेपकांची शक्ती अवश्य नोंदवावी. पण आपल्या भाषेचा एक शब्द ऐकावा म्हणून ज्यांनी रात्री जागून फळ्या रंधल्या, त्या श्रोत्यांसाठीही एखादे प्रकरण राखून ठेवावे, एवढीच विनंती.