कीचक मेला, पण रीळ कुठं गेलं?

मंडळी, भयपट म्हटलं की आपल्याला रामसे बंधू आठवतात, नाहीतर 'तुंबाड'. पण पडद्याकडं बघून माणसं हादरायची, हे आपल्या कोल्हापूरच्या सिनेमानं शंभर वर्षांपूर्वीच करून दाखवलंय.

गोष्ट तशी महाभारतातली. सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक आणि अंधारात त्याची वाट बघत बसलेला भीम. १९०७ साली सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी त्यावर 'कीचकवध' नाटक आणलं. लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. सरकारलाही दिसला, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली.

तीच गोष्ट बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' म्हणून पडद्यावर आणली. ७ फेब्रुवारी १९२०, पुण्याचं आर्यन थिएटर. कॅमेरा कोल्हापुरातच तयार केलेला. बायकांची कामं बायकांनीच केलेली, त्या काळात ही लई मोठी गोष्ट. कीचक मारायचा प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षक हबकले, आणि पुढं तो कापावा लागला.

त्याच फेब्रुवारीत बर्लिनमध्ये 'डॉ. कॅलिगरी' लागला. जगातल्या भयपटांचा इतिहास बरेच जण तिथूनच सांगायला सुरुवात करतात. मग १९२२ ला 'नोस्फेराटू' आला, 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून, पण परवानगी न घेता. लेखकाच्या बायकोनं दावा लावला, कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. तरी काही प्रती वाचल्या, आणि आज तो सिनेमा कुणीही मोबाईलवर बघू शकतं. आपल्या 'सैरंध्री'वर असला कसला हुकूम नव्हता. तरीपण आज तिची प्रत नाही.

हे मुरगुडात बसून कशाला सांगतोय? कारण आपल्याकडं अजून बरंच शिल्लक आहे. पिंपळावरचा मुंजा, हडळ, खवीस, रात्री वेदगंगेच्या काठानं येताना लागणारा चकवा, हे सगळं सांगणारी म्हातारी माणसं घराघरांत आहेत. सोंगी भजनात मिशी काढून द्रौपदी झालेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उसाला पाणी पाजायला गेलेले आजोबा आहेत. जत्रेत गॅसबत्तीच्या उजेडात हौशी नाटकं करणारे आहेत. त्यांना संवाद अजून पाठ आहेत. भीम कुठून यायचा, कीचक कुठं पडायचा, हेही ते दाखवतील.

बंदीमुळं जेवढं गेलं नाही तेवढं आपल्या 'बघू की नंतर'मुळं गेलंय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी बघितलं. ती इमारत १९१५ सालची, शाहू महाराजांच्या काळातली. इमारत परत बांधता येते. आजोबांचा आवाज कुठनं आणणार?

म्हणून एक विनंती. प्रत्येकानं आपल्या घरातल्या, गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माणसासमोर अर्धा तास मोबाईल सुरू ठेवून बसा. नाव, साल, गाव विचारा. जुन्या नाटकाची हँडबिलं, फोटो, वह्या असतील तर रद्दीत घालू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा.

तुमच्या गल्लीत कोण कीचक व्हायचं? कमेंटमध्ये सांगा की.