बॅकमनचा वटवट्या : एका वासंतिक पक्ष्याच्या लोपाची कारणमीमांसा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या शासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये संरक्षित जीवजातींच्या यादीतून एकवीस नावे काढून टाकली. या जाती आता पृथ्वीवर उरलेल्या नाहीत, हे त्याचे कारण होय. त्यांत 'बॅकमनचा वटवट्या' या लहानशा पक्ष्याचे नाव होते. (मराठीत ज्या पक्ष्यांस वटवट्या म्हणतात त्यांचे कुल निराळे आहे, परंतु अमेरिकेतील या चिमुकल्या कीटकभक्षी गायक पक्ष्यांस दुसरे सोईचे नाव नसल्याने तेच येथे योजिले आहे.) नाव २०२३ मध्ये निघाले, तरी पक्षी त्यापूर्वी कित्येक वर्षे नाहीसा झालेला होता. तो केव्हा आणि कशामुळे नाहीसा झाला, हा प्रश्न प्राणिशास्त्राचा खराच. तथापि त्याचे उत्तर शोधण्याची साधने बहुतांशी इतिहासाची आहेत.

या पक्ष्याची पहिली नोंद १८३२ च्या जुलै महिन्यातील आहे. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथील ल्यूथरपंथी धर्मोपदेशक जॉन बॅकमन यांना शहरापासून काही मैलांवर एक अपरिचित मादी मिळाली व पुढे एक नरही मिळाला. त्यांनी हे नमुने आपले मित्र जॉन जेम्स ऑड्युबन यांजकडे धाडले. ऑड्युबन यांनी हा पक्षी जिवंत कधीच पाहिला नाही. तरीही १८३३ मध्ये त्यांनी त्याचे चित्र व वर्णन प्रसिद्ध करून त्यास मित्राचे नाव दिले. त्या चित्रातील फुलांची फांदी बॅकमन यांच्या मेहुणी मारिया मार्टिन यांनी रंगविली. ती फ्रँक्लिनिया नामक वृक्षाची आहे. जॉर्जियातील अल्टामाहा नदीकाठी सापडलेला हा वृक्ष रानात १८०३ नंतर कोणास दिसला नाही. आज तो केवळ उद्यानांतून जगतो. म्हणजे पक्ष्याच्या पहिल्याच चित्रात त्याच्या सोबतीस आलेला वृक्ष रानातून अगोदरच गेलेला होता. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावरून काही सिद्ध करण्याचा मोह टाळलेला बरा.

यानंतर पन्नासांहून अधिक वर्षे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर या पक्ष्याचा जवळजवळ मागमूस लागत नाही. क्यूबात मात्र योहानेस गुंडलाख या जर्मन निसर्गशास्त्रज्ञास तो हिवाळ्यात मिळाला होता. त्यामुळे हा पक्षी हिवाळा त्या बेटावर काढतो आणि वसंतात समुद्र ओलांडून उत्तरेस येतो, एवढे हळूहळू स्पष्ट झाले.

१८८६ मध्ये चित्र एकाएकी पालटले. लुइझियानात पाँचरट्रेन सरोवराच्या परिसरात चार्ल्स गॅलब्रेथ नावाच्या संग्राहकाने वसंतात एक नमुना टिपला आणि पुढील दोन वर्षांत आणखी पुष्कळ मिळविले. गॅलब्रेथचा धंदा स्त्रियांच्या टोप्यांसाठी पक्षी पुरविण्याचा होता. शास्त्रास हा पक्षी पुन्हा लाभला तो अशा हातांनी! मार्च १८८९ मध्ये फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाकडील सॉम्ब्रेरो की येथील दीपगृहावर रात्री आदळून या जातीचे कितीतरी पक्षी मेले. १८९० च्या वसंतात विल्यम ब्रूस्टर व फ्रँक चॅपमन यांना फ्लॉरिडातील सुवानी नदीच्या खालच्या खोऱ्यात ते वारंवार भेटले. १८९७ च्या मे महिन्यात ओटो विडमन यांनी मिसूरीच्या आग्नेय कोपऱ्यातील सेंट फ्रान्सिस नदीच्या पाणथळ अरण्यात त्याचे पहिले घरटे शोधून काढले, आणि १९०६ मध्ये आर्थर वेन यांना चार्ल्सटनजवळच्या आयॉन दलदलीत आणखी घरटी सापडली. बॅकमन यांच्या मूळ स्थळापासून ही दलदल फार दूर नाही.

या सर्व नोंदींतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हा पक्षी फार लवकर येई. फेब्रुवारीच्या अखेरीस वा मार्चच्या आरंभी तो फ्लॉरिडात पोहोचे आणि उन्हाळा संपण्यापूर्वीच दक्षिणेकडे परते. नर उंच झाडाच्या शेंड्यावर बसून गाई. ते गाणे किड्याच्या किरकिरीसारखे एकसुरी होते व अन्य जातींच्या गाण्याशी त्याची सहज गल्लत होई. दलदलीत पाणी भरलेले असताना, त्या अल्प अवधीत, ते गाणे ओळखणारा मनुष्य तेथे उपस्थित असेल तरच नोंद होणार. नोंदीच्या अभावाचा अर्थ लावताना हे विसरता येत नाही.

१८३३ ते १८८६ या काळात पक्षी दुर्मिळ होता आणि नंतर वाढला, की माणसेच त्याच्यापर्यंत नंतर पोहोचली? दक्षिणेकडील संघराज्याच्या मालकीच्या जमिनींवर १८६६ च्या वसाहत कायद्याने घातलेली बंधने १८७६ मध्ये उठविण्यात आली. त्यानंतर उत्तरेकडील भांडवलदारांनी तेथील अरण्ये विस्तृत प्रमाणावर विकत घेतली, लोहमार्ग दलदलींच्या काठापर्यंत गेले आणि लाकूड कापण्याचे कारखाने उभे राहिले. पक्षिसंग्राहक ज्या वाटांनी आत शिरले त्या बहुधा याच. वरील नोंदींची दाटी आणि अरण्यतोडीचा भर एकाच काळात यावेत, यात नवल नाही. पहिल्या विरळ तोडीमुळे प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचून झुडपांची दाटी वाढली व पक्ष्यास काही वर्षे उलट लाभच झाला, अशीही एक शक्यता आहे. ती फेटाळण्यास पुरावा नाही. परंतु वाटांचे स्पष्टीकरण अधिक साधे आहे.

पुढील तोड मात्र विरळ राहिली नाही. १८४९ व १८५० च्या कायद्यांन्वये दलदलीच्या जमिनी संस्थानांच्या स्वाधीन झाल्या होत्या, त्या विकून येणाऱ्या पैशातून पाण्याचा निचरा करावा या अपेक्षेने. विसाव्या शतकात ती अपेक्षा यंत्रांनी पुरी केली. मिसूरीच्या आग्नेय भागात १९०७ मध्ये लिटल रिव्हर निचरा मंडळ स्थापन झाले आणि विडमन यांनी घरटे पाहिले त्या मुलखात कालव्यांचे जाळे पसरून शेती सुरू झाली. मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यात मूळचे पाणथळ अरण्य सुमारे २ कोटी ४० लक्ष एकर होते. १९८० च्या सुमारास त्यांपैकी अदमासे ५० लक्ष एकर उरले. याच अरण्यांतील मोठा हस्तिदंती चोचीचा सुतारपक्षी लुइझियानात १९४४ मध्ये शेवटचा दिसला.

आता दुसरे टोक पाहिले पाहिजे. क्यूबात उसाच्या लागवडीने विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात अभूतपूर्व मजल मारली. १९२५ च्या हंगामात साखरेचे उत्पादन ५० लक्ष टनांवर गेले. या विस्तारासाठी बेटाच्या पूर्वेकडील सखल अरण्ये साफ करण्यात आली. १९५९ पर्यंत बेटाच्या सुमारे १४ टक्के भूमीवरच अरण्य राहिले होते.

दोन्ही टोकांपैकी निर्णायक कोणते, याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. जॉन टरबर्ग यांनी क्यूबावर भर दिला. त्यांचा युक्तिवाद असा की, हिवाळी निवास आक्रसल्यामुळे पक्ष्यांची संख्या इतकी घटली की वसंतात विस्तीर्ण अरण्यांत विखुरलेल्या नरांना माद्या भेटेनात. जे. व्ही. रेमसेन यांनी १९८६ मध्ये वेगळे गृहीतक मांडले : हा पक्षी नदीकाठच्या वेळूच्या बेटांवर अवलंबून होता. वेळूची बेटे एकदम फुलून एकदम मरतात, हे सह्याद्रीच्या रानांत वावरणाऱ्यांस ठाऊक आहेच. बेटे विपुल असताना एक मेले तरी पक्ष्यास दुसरे सापडे. चराई, नांगर व पूरनियंत्रण यांनी ती तुटक झाल्यावर सापडेना. रेमसेन यांच्या मताने त्या पक्ष्याच्या स्थानिक विरळपणाचा उलगडा चांगला होतो. परंतु आयॉन दलदलीसारख्या ठिकाणी अरण्य बऱ्याच अंशी शिल्लक असताना पक्षी का उरला नाही, याचे उत्तर त्यातून पुरते मिळत नाही. ते टरबर्ग यांच्या मतातून मिळते. दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे खरे पाहता कारण नाही. तोड दोन्ही देशांत एकाच पिढीच्या काळात झाली, आणि पक्ष्यास वर्षाला दोन्ही घरे लागत होती.

१९३० नंतर नोंदी विरळ होत गेल्या. चार्ल्सटनच्या परिसरात १९६० च्या आगेमागे एखाददुसरा नर दिसत होता. १९६७ मध्ये या जातीचे नाव संरक्षित यादीत आले, तेव्हा संरक्षण द्यावयास पक्षी उरला होता की नाही याची शंका आहे. नंतर १९८८ पर्यंत काही ठिकाणी तो दिसल्याचे सांगण्यात आले, पण या नोंदींविषयी एकमत नाही. १९७० नंतरच्या दशकात पॉल हॅमेल व त्यांचे सहकारी आयॉन दलदलीत अनेक वसंतऋतू शोध घेत हिंडले. त्यांना एकही पक्षी मिळाला नाही.

या जातीचे गाणे मात्र ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. ते १९५४ मध्ये व्हर्जिनियात, म्हणजे तिच्या नेहमीच्या प्रजननक्षेत्राच्या उत्तरेस, एकट्या आढळलेल्या एका नराचे आहे.