ओहम नियमाचा इतिहास

तापमान स्थिर असताना धातूच्या संवाहकाच्या दोन टोकांमधील विद्युत् दाब व त्यातून वाहणारा विद्युत् प्रवाह यांचे गुणोत्तर स्थिर असते. या गुणोत्तरास संवाहकाचा विद्युत् रोध म्हणतात. दाब व्होल्टमध्ये व प्रवाह अँपिअरमध्ये घेतल्यास रोध ओहम या एककात मिळतो. आज एका भागाकाराने व्यक्त होणारा हा संबंध प्रस्थापित होण्यास व त्याला मान्यता मिळण्यास मात्र बराच काळ लागला.

आलेस्सांद्रो व्होल्टा यांच्या घटमालेमुळे १८०० मध्ये अखंड विद्युत् प्रवाह उपलब्ध झाला. परंतु तो मोजण्याचे खात्रीलायक साधन नव्हते व दाब आणि प्रवाह या संकल्पनांतील भेदही स्पष्ट झालेला नव्हता. प्रवाहामुळे चुंबकसूची विचलित होते, हे हॅन्स क्रिश्चन ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविल्यावर मापनाचा मार्ग खुला झाला.

कोलोन येथील विद्यालयात अध्यापन करणारे गेओर्ख झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांनी निरनिराळ्या लांबीच्या तारा मंडलात जोडून प्रवाह मोजण्यास आरंभ केला. घटाचा दाब प्रयोग चालू असतानाच बदलत असल्याने १८२५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले सूत्र सदोष ठरले. पोगेनडोर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी घटाऐवजी बिस्मथ व तांबे यांचे तपयुग्म वापरले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवल्याने दाब स्थिर राहिला. १८२६ मधील या प्रयोगांवरून, प्रवाह हा दाबाच्या सम प्रमाणात व मंडलाच्या एकूण रोधाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे सिद्ध झाले. उष्णतावहनासंबंधीच्या फूर्ये यांच्या गणिताशी साम्य दाखवून ओहम यांनी १८२७ मध्ये ग्रंथरूपाने या नियमाची उपपत्ती मांडली.

ग्रंथाचे जर्मनीत थंडे स्वागत झाले. ओहम यांनी कोलोन येथील पद सोडले व १८३३ मध्ये न्यूरेंबर्ग येथे नोकरी मिळेपर्यंत त्यांना अस्थिरतेत दिवस काढावे लागले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. म्यूनिक येथे भौतिकीचे प्राध्यापकपद मात्र १८५२ मध्ये, मृत्यूपूर्वी दोनच वर्षे, मिळाले. असाच संबंध हेन्री कॅव्हेंडिश यांना अठराव्या शतकातच आढळला होता. तथापि त्यांची अप्रकाशित टिपणे मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्यावरच ते उघड झाले.

संवाहकात दर सेकंदास निर्माण होणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग व रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, असे जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४१ मध्ये दाखविले. हा निष्कर्ष व ओहम नियम एकत्र घेतल्यास, एकदिश प्रवाहाच्या मंडलात दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे विद्युत् शक्ती, असे ठरते. ओहम, व्होल्ट व अँपिअर या एककांना पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत १८८१ मध्ये, तर शक्तीच्या वॉट या एककाला १८८९ मध्ये मान्यता मिळाली.

उदा., २३० व्होल्ट दाबावर १०० वॉट शक्ती घेणाऱ्या तंतुदीपातून सु. ०·४३५ अँपिअर प्रवाह वाहतो; म्हणून त्याचा रोध सु. ५२९ ओहम होतो. हा रोध तप्त तंतूचा होय. थंड तंतूचा रोध याच्या दशांशाहूनही कमी असतो. म्हणूनच नियमातील स्थिर तापमानाची अट महत्त्वाची आहे. अर्धसंवाहक द्विप्रस्थासारख्या प्रयुक्तींत तर हे गुणोत्तर दाबाबरोबरच बदलते व तेथे ओहम नियम लागू पडत नाही.